गायीचं लागतं

सकाळचं पहिलं काम जावयाचं. जावई म्हणजे वळू. आजूबाजूच्या पाच-सहा वस्त्यांतल्या गायी त्याच्याकडे यायच्या, म्हणून कुणीतरी कधीतरी त्याला हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. थाटही तसाच होता. बसल्या जागी खायचं, कुणी उठवलं की फुरफुरायचं आणि केलेली घाण दुसऱ्यानं काढायची. हा दुसरा म्हणजे घरची सून. ती खराटा आणि घमेलं घेऊन गोठ्यात शिरायची, त्याच्या पायांतलं शेण ओढायची, मुताचं डबकं मोरीकडे लोटायची आणि मग बादलीभर पाण्यानं त्याची मांडी, पोट, पोटाखालची मुतानं चिकटलेली केसांची शेंडी, सगळं धुवायची. लग्न होऊन आली तेव्हा पहिले आठ दिवस तिला अन्न गेलं नव्हतं. सहा वर्षांत हात आपले आपण चालायला लागले.

हल्ली मात्र पुन्हा अन्न जाईना, कारण आता वास तिच्या स्वतःच्याच अंगाला येत होता. खराटा मारायला वाकली की तो कपड्यांतून वर यायचा, उन्हात विसरलेल्या मासळीचा असतो तसा. खाज अशी की चार माणसांत उभं राहायची चोरी. लघवीला बसलं की आग. आणि जे जायचं ते पिवळट, हिरवट, फेसाळ. ते धुताना ती मान वळवून घ्यायची. दुसऱ्याची घाण काढताना कधी मान वळवली नव्हती, याचा तिला फार राग यायचा.

सासूच्या नाकाला गोठ्यातला कुठलाच वास जाणवत नसे, पण सुनेचे कपडे दोरीवर पडले की लगेच जाणवे. अडीच महिन्यांपूर्वी तिनं एकदाच हुंगलं आणि निकाल दिला होता.

"गायीचं लागलं तुला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? गायींची मागची बाजू धुतेस, हात बरबटतात, मग लागतं. या घरात येणाऱ्या बाईला लागतंच. तुरटीच्या पाण्यानं धूत जा. आणि साबण आतला वापरू नकोस, बाहेरच्या कोनाड्यात ठेव तुझा."

न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीला, उकिरड्याच्या अंगाला, एक कोनाडा होता. एकच साबण मावेल एवढा. त्यात साबणाचा एक जुना तुकडा पडलेला असायचा, वाळून दगड झालेला, चिरा गेलेला. शेणाचे हात धुवायला कधीकाळी ठेवला असेल, असं तिला वाटायचं. तिनं आपला नवा साबण त्याच्या शेजारी ठेवला आणि त्या दिवसापासून ती सगळ्यांच्या नंतर आंघोळीला जाऊ लागली. ताट वेगळं झालं, तांब्या वेगळा झाला. सासू शिवीगाळ करत नव्हती. नुसतं तिनं ठेवलेलं भांडं उचलताना पदराचं टोक मध्ये धरायची.

तेव्हाच ती आरोग्य केंद्रातल्या नर्सकडे गेली होती. नर्सनं सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, नवऱ्यालाही पाठवून दे म्हणून बजावलं. हिनं "हो हो" म्हटलं आणि पाठवलं नाही. गायीचं लागलंय, तर नवऱ्याला गोळ्या कशाला? दहा-बारा दिवसांत सगळं थांबलं. ती खूश झाली, साबण आत घेतला. पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू झालं आणि साबण पुन्हा बाहेर गेला.

त्या दिवशी उन्हं चढायच्या आत दूधवाली आपली गाय घेऊन आली. तिच्या दारात सात गायी, घर त्यांच्यावर चालायचं.

"भाऊ, पुन्हा उलटली, गाभण राहिलीच नाही," ती म्हणाली. "ही तिसरी खेप."

वळूवाला, म्हणजे सुनेचा नवरा, दातात काडी फिरवत गायीभोवती हिंडला. अंगानं उंच, मिशीला तेल, वळूइतकाच स्वतःवर खूश. "गायीतच खोट आहे तुझ्या," तो म्हणाला.

"माझ्या गायीत खोट, सरपणवाल्याच्या गायीत खोट, चक्कीवालीच्या दोन्ही गायींत खोट. या हंगामात आठ उलटल्या भाऊ, तीन गाभडल्या, वासरं पोटातच गेली. सगळ्या गायी वाईट चालीच्या आणि जावई तेवढा गुणाचा?"

"जावयाकडे बघ जरा. कातडी बघ, डोळा बघ. याला रोग झालाय असं म्हणशील?"

म्हणणं कठीणच होतं. जावई नुसता चकाकत होता.

गायीला खोड्यात घातलं. पुढच्या आडव्या लाकडामागे मान, दोन्ही बाजूंना खांब, हलायची सोय नाही. मागून धुवायचं काम सुनेचं. तिनं शेपूट उचललं आणि तिचा हात जागीच थांबला. शेपटाच्या आतल्या बाजूला पू वाळून खपली धरली होती आणि खाली ताजी तार लोंबत होती. वास ओळखीचा वाटला. तिनं कोमट पाणी ओतलं, फडकं फिरवलं आणि तिला वाटलं, बरोबरच आहे, हेच ते, हिचंच मला लागलं. घृणा आली, पण त्या घृणेत थोडा आधारही होता. मग जावयाला सोडलं. गायीचे पाय लटपटले, डोळे पांढरे झाले, आणि काम झालं. गायीला कुणी काही विचारायचा प्रश्नच नव्हता.

"परवा गुरांच्या डॉक्टरला घेऊन येते," दूधवाली दावं सोडताना म्हणाली. "तो काय सांगेल ते सांगेल."

दुसऱ्या दिवशी चाऱ्याचा भारा टाकून सून आरोग्य केंद्रात गेली. बाकावर तीन पोटुश्या बायका होत्या. ती उभीच राहिली, कारण बसलं तर शेजारणीला वास येईल अशी भीती होती. नर्स थोराड, पाय सुजलेले, टेबलाखाली चपला काढून बसलेली.

"पुन्हा तूच? चल आत. पाय वर घे. सैल सोड गं, मी काय मारतेय का तुला?"

थंड लोखंड आत गेलं. छताकडे बघायचं सोडून ती नर्सच्या तोंडाकडे बघत राहिली. आता नाक मुरडेल, आता पदर लावेल. नर्सनं काही मुरडलं नाही. कापूस गुंडाळलेली काडी फिरवली, काचेच्या पट्टीवर टेकवली, वर थेंबभर पाणी टाकलं आणि खिडकीजवळच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"ये, बघ."

तिनं बघितलं. उजेडाचा एक गोल आणि त्यात बारीक, शेपट्या असलेले थेंब झटके देत फिरत होते. एकमेकांना धडकत होते, थांबत होते, पुन्हा वळवळत होते. तिनं डोळा झटकन मागे घेतला.

"हे माझ्यात आहेत?"

"तुझ्यातलेच हे."

"गायीचे ना?"

नर्स खुर्ची फिरवून तिच्याकडे बघायला लागली. "गायीचे कोण म्हणालं?"

"आमच्याकडे वळू आहे. गायी धुवाव्या लागतात. सासूबाई म्हणतात, गायीचं लागतं."

नर्सला आधी हसू आलं, मग तिनं ते आवरलं. "हे बघ. गायीलाही असाच एक रोग असतो, जंतू याच्याच भावकीतला. पण गायीचा गायीला, माणसाचा माणसाला. शेणातून येत नाही, मुतातून येत नाही, बादली-फडकं-साबण, कशातून नाही. हा एका वाटेनं येतो. नवरा-बायकोच्या वाटेनं."

"पण मी दुसऱ्या कुणाच्या..."

"मी विचारलं का तुला?"

तिनं पदर सारखा केला.

"पुरुषाला बहुतेक वेळा काही होतच नाही," नर्स म्हणाली. "खाज नाही, आग नाही. महिनेच्या महिने घेऊन हिंडतो, पत्ता नसतो त्याला. कधी आला, कुठून आला, ते या काचेत मला दिसत नाही, आणि तुलाही मी ते सांगणार नाही. एवढंच सांगते, मागच्या वेळी तू बरी झाली होतीस. त्यानं पुन्हा दिलं. गोळ्या घेतल्या होत्या त्यानं?"

"नाही."

"मग कशी बरी होशील? आता पुन्हा सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही. तोंड कडू होईल, मळमळेल, तरी घ्यायच्या. ही चिठ्ठी त्याची. त्याची तपासणी आणि औषध होईपर्यंत जवळ जायचं नाही. तीन महिन्यांनी मला पुन्हा दाखवायचं. आणि आता दंड पुढे कर. हा एक निघाला की रक्तातले दुसरेही बघावे लागतात."

"दिवस गेले तर काही होतं का याच्यानं?"

"मूल वेळेआधी होण्याची भीती असते. म्हणून आत्ताच निस्तरायचं."

घरी येताना ती वाटेत दोनदा थुंकली. गायीवर ढकललं होतं तोवर घाण बाहेरची होती. आता ती तिच्याच अंथरुणात निघाली. नवरा जावयाला घेऊन आठ-आठ दिवस लांबच्या वस्त्यांवर जायचा, परतला की गुळगुळीत दाढी करून, हसत यायचा. ते हसणं आठवलं आणि तिला आपल्या अंगाला हात लावावासा वाटेना.

नवरा जावयाच्या शिंगांना तेल चोळत होता. तिनं चिठ्ठी पुढे केली. काय झालं, नर्स काय म्हणाली, सगळं एका दमात सांगितलं.

"मला?" त्यानं तेलाचा हात आपल्याच छातीवर ठेवला. "मला काय झालंय? मला खाजतंय? मला आग होतेय? ज्याचं कुजलंय त्यानं औषध घ्यावं."

"नर्स म्हणाली, पुरुषाला कळत नाही."

"नर्सला पुरुषाचं जास्त कळतं का? आणि मी म्हटलं, हे तू कुठून आणलंस, तर?"

"विचारा ना. मी या गोठ्याबाहेर कुठं जाते, ते तुम्हीच सांगा."

सासू उंबऱ्यात कडबा निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "गायीचंच आहे ते. उगाच गवगवा नको."

"गायीचं नाही आई. गायीचं माणसाला लागत नाही."

"म्हणे लागत नाही. या शिकलेल्या बायकांना काय ठाऊक?" आणि ती उठून आत गेली. आत भिंतीवरच्या खुंटीला सासऱ्यांची काठी टांगलेली होती. सासरे जाऊन बारा वर्षं झाली, त्यांच्या वेळीही दारात वळू होताच. ती काठी सासू रोज तेलाच्या फडक्यानं पुसायची. कुणाला हात लावू द्यायची नाही. त्या दिवशी तिनं ती दोनदा पुसली.

गोळ्या सुरू झाल्या. तोंडाला दिवसभर खिळा चोखल्यासारखी चव. पाणीही लोखंडाचं लागायचं. दुपारी ती चाऱ्याच्या खोपटात कडबा तोडत होती, तेव्हा नवरा आत आला, दार लोटलं आणि मागून तिच्या कमरेला हात घातला. तेलाचा, वळूचा आणि तंबाखूचा वास एकदम आला. तिनं विळा खाली ठेवला नाही.

"आधी चिठ्ठी घेऊन जाऊन या."

"बायको आहेस की पोलीस?"

"मी औषध खायचं आणि तुम्ही पुन्हा घाण घालायची, हे किती दिवस चालायचं? मला तुमचा हातसुद्धा नको वाटतो. किळस येते."

हे ती बोलून गेली आणि तिलाच आश्चर्य वाटलं. त्यानं तिच्याकडे, मग विळ्याकडे बघितलं. जाताना बादलीला लाथ घातली. बादली पितळेची होती, त्यामुळे उरलेला दिवस तो लंगडत होता.

दूधवालीनं डॉक्टरला खरंच आणलं. सडपातळ माणूस, गमबूट, खिशात चार पेनं. त्यानं गायींची हकिगत ऐकली आणि म्हणाला, "गायी राहू द्या. वळू आणा खोड्यात."

"वळू कशाला?" वळूवाल्याचा आवाज चढला. "त्याला काय धाड भरलीय?"

"काहीच नाही. त्याला कधी काही होणारही नाही. तो खाणार, पिणार, माजणार आणि रोग वाटत सुटणार. भोगायच्या त्या गायींनी."

सून डॉक्टरनं दिलेली रिकामी बाटली धरून उभी होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो वेसणीकडे बघत होता.

जावई जन्मात पहिल्यांदा खोड्यात गेला. गायींसाठीचा खोडा त्याला तोकडा पडला. ढुंगण बाहेर राहिलं आणि थाट सगळा उतरला. डॉक्टरनं पोटाखाली हात घालून केसांची शेंडी कापली, लांब नळी कातडीच्या आत सरकवली, खारं पाणी सोडलं, वरून चोळ चोळ चोळलं आणि ते पाणी पुन्हा ओढून घेतलं. गढूळ, पिठूळ, तंतू असलेलं पाणी बाटलीत आलं. वास असा की दूधवालीसुद्धा दोन पावलं मागे सरली. सुनेनं बाटली घट्ट धरून ठेवली. वळूवाला वेसण धरून पुढे उभा होता आणि नळी आत गेली तेव्हा त्यानं स्वतःचे गुडघे एकमेकांना चिकटवले.

चार दिवसांनी डॉक्टर परत आला. बाटलीत रोग निघाला होता.

"मग औषध द्या," वळूवाला म्हणाला.

"वळूला भरवशाचं औषध नाही. गायींना तीन महिने कुठलाच वळू दाखवू नका, बहुतेक आपोआप साफ होतील. याला मात्र गायीजवळ सोडायचं नाही. खच्ची करा, नांगराला लावा."

दूधवाली उभी होती, सरपणवाला होता, चक्कीवाली होती. कुणी जागचं हललं नाही. होय-नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. लोखंडी चिमटा आला. दोघांनी मागचे पाय बांधले, तिघांनी आडवा पाडला. चिमटा दाबला गेला तेव्हा ओला बांबू चेपल्यासारखा आवाज झाला. दुसऱ्यांदा झाला. जावई ओरडला नाही. जीभ बाहेर टाकून नुसता घोरल्यासारखा आवाज काढत राहिला.

सगळे गेल्यावर नवरा गव्हाणीच्या कडेवर बसून राहिला. मिशीला तेल नव्हतं. सून शेण ओढत त्याच्याजवळ आली, तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "आणि तू मला चिठ्ठी देतेस."

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि खराटा हातातून गळून पडला. तिला हसू फुटलं. पोट धरून, मळमळ घशाशी येईपर्यंत ती हसली.

"अहो, तुम्हाला काय वाटलं? नळी घालतील आणि मग चिमटा आणतील?"

तो गव्हाणीतली काडी मोडत बसला. कान लाल झाले होते.

"बाटलीत लघवी द्यायची. दंडातून रक्त द्यायचं. गोळ्या गिळायच्या. वळूला औषध नाही, तुम्हाला आहे." मग तिचं हसू आटलं. "उद्या माझ्याबरोबर यायचं. नाही आलात तर परवा मी भावाकडे जाते. दूधवालीनं विचारलं का गेली, तर खरं ते सांगून जाते. गाय खोड्यात उभी राहते, कारण तिला बांधलेलं असतं."

तो आला. बाकावर दोन पोटुश्या बायकांच्या मधोमध, टोपी भुवयांपर्यंत ओढून, हातात इवलीशी बाटली घेऊन बसला. त्यांनी सरकून त्याला ऐसपैस जागा करून दिली, तेव्हा तो आणखीच आक्रसला. तपासणीत जंतू निघाले. नर्सनं सुनेच्या रक्ताचा निकालही सांगितला. त्यात दुसरं काही नव्हतं. मग तिनं गोळ्यांची पुडी त्याच्यापुढे सरकवली.

"सात दिवस. या दिवसांत आणि नंतरही दोन-तीन दिवस दारू नाही."

"एवढंच?" त्यानं विचारलं.

"एवढंच. आणि आणखी कुणी असेल तर तिलाही सांगायचं. तिलाही औषध लागेल."

"ती आता तिथं नसते," तो म्हणाला.

गोळ्यांच्या आनंदात बोलून गेला. मग त्यानं पुडीवरची अक्षरं वाचायला घेतली. नर्सनं वही पुढे ओढली. सून उठली, बाहेर गेली आणि केंद्राच्या भिंतीला हात टेकून ओकली. लोखंडाची चव होती. औषधानं झालं की त्या वाक्यानं, ते तिला सांगता आलं नसतं. रडू मात्र आलं नाही. तोंड धुऊन ती एकटीच घरी निघाली आणि तो मागून, बरंच अंतर ठेवून, चालत आला.

घरी आल्यावर ती आधी न्हाणीच्या मागे गेली. कोनाड्यातला आपला साबण उचलला आणि आत नेऊन सगळ्यांच्या साबणाशेजारी ठेवला. परत आली तेव्हा सासू कोनाड्यापाशी उभी होती. तिला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटेल. सासूनं तो जुना, दगड झालेला तुकडा हातात घेतला होता.

"त्याच्यात निघालं?" तिनं विचारलं.

"निघालं."

"नर्स नक्की म्हणाली? गायीचं लागत नाही?"

"नक्की म्हणाली."

"कधीच नाही?"

"कधीच नाही, आई."

म्हातारी तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिली. "मला तुझ्या सासऱ्यांनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "गायीचं लागतं, साबण बाहेर ठेव. हा कोनाडा त्यांनीच पाडून दिला." मग म्हणाली, "दोन गेली माझी. सातव्या महिन्यात. दोन्ही खेपेला मी गोठ्यात जाऊन गायींना शिव्या घातल्या. एकीला तर मारलं."

 सुनेनं म्हातारीच्या दंडाला हात लावला. म्हातारीनं पदर मध्ये धरला नाही.

"उद्या-परवा तू जाशील तेव्हा मलाही हाक मार," ती म्हणाली. "या वयात बघतात की नाही, ते विचारू तिला."

तिनं तो तुकडा उकिरड्यावर टाकला आणि आत गेली. गोठ्याची मोरी सकाळपासून तुंबली होती. मुताचं डबकं जावयाच्या खुरांपर्यंत आलं होतं आणि त्याला उठायचं त्राण नव्हतं. सासू बाहेर आली तेव्हा तिच्या हातात खुंटीवरची काठी होती, तेल लावलेली. तिनं ती मोरीच्या तोंडात खुपसली आणि दोन्ही हातांनी दाबून ढवळली. आतला शेणाचा गोळा फुटला, पाणी वाहायला लागलं. काठी तिनं तिथंच सोडून दिली.